फियाटचा फ्युएल पंप : एका पडद्याचा इतिहास

लष्करातल्या मराठी घरांत एके काळी मोटार म्हटली की दोनच नावे निघत, अँबॅसडर आणि फियाट. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली अशी एखादी गाडी नया बाजाराच्या आसपास अजूनही कापडाखाली उभी दिसते. तक्रार बहुधा एकच असते : सुरू होते, पाच मिनिटे चालते आणि बंद पडते. घरचे म्हणतात, इंजिन गेले, कबाड्याला बोलवा. आमचे म्हणणे, आधी इंजिनाला चिकटलेला तळहाताएवढा फ्युएल पंप पाहा.

सुरुवातीच्या मोटारींना हा पंप नव्हता. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरत असे. टाकीत पेट्रोल कमी असले की चढावर ते पुढे पोचेना. मग लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये घाट चढत. पुढे टाकी गाडीच्या मागे, खालच्या बाजूला गेली आणि पेट्रोल ओढून आणणे भाग पडले. त्यातून पडद्याचा पंप रूढ झाला.

त्याची रचना साधी आहे. इंजिनाचा कॅमशाफ्ट एक दांडी हलवतो, दांडी रबरी पडदा खाली ओढते आणि पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. कार्बोरेटर भरला की पडदा खालीच थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. ना वायर, ना मोटर.

आपल्याकडे या पंपाला जास्त आयुष्य मिळाले, त्याचे कारण सरकारी धोरणात आहे. सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना 1953 नंतर वाव उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड 1954 मध्ये इथून गेल्या. उरलेल्यांत वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघू लागली आणि 1974 पासून तीच 'पद्मिनी' झाली. गाडी दुर्मिळ आणि भाग महाग, म्हणून मिस्त्री पंप फेकत नसे. कडेचे स्क्रू काढायचे, पडदा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट नवे घालायचे आणि पंप पुन्हा बसवायचा, ही त्या काळची रीत. टंचाईने शिकवलेली ही विद्या आजही खिशाला परवडते.

ती वापरायची तर खर्चाचा क्रम सांभाळावा. आधी फुकटची कामे : टाकीतला गाळ, तुंबलेला फिल्टर, चिरलेली रबरी नळी. मग इंजिन थंड असताना कॉइलची वायर काढावी, पंपातून निघणारी नळी बाटलीत धरावी आणि स्टार्टर मारावा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आले तर पंप निर्दोष. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटला असे समजावे. तसे ऑइल पातळ होऊन बेअरिंग खाते, म्हणून तेही बदलावे. पंप आणि इंजिन यांच्यामधली जाड चकती होती तेवढ्याच जाडीची ठेवावी, नाहीतर दांडीचा झोका चुकतो. स्वस्त मिळतो म्हणून आजच्या इंजेक्शन गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावू नये. त्याचा दाब या कार्बोरेटरला कितीतरी जास्त. पेट्रोल ओसंडून आगीची भीती.

पडदा घेताना एक गोष्ट हमखास विचारावी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण आता 20 टक्क्यांवर गेले आहे आणि जुन्या जातीचे रबर ते सोसत नाही. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला 'ओरिजिनल' पडदा स्वस्त दिसला, तरी इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच घ्यावा.

हे सारे आज सांगायचे, कारण वेळ थोडा आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. पंप उघडून भरणारे मिस्त्री म्हातारे होत आहेत. माधवराव महाराजांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या आपल्या मेळ्यात टॅक्सच्या सवलतीत नवी गाडी घ्यायची आणि त्याच आठवड्यात जुनी मोडीत काढायची, असेही घडते. नवी जरूर घ्यावी. पण 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. गाडी मात्र रोजच्या वापराला चालत नाही. 1974 च्या पद्मिनीने आता पन्नाशी ओलांडली आहे. म्हणजे मूळ पंप दुरुस्त करून ठेवणे हेच काटकसरीचे आणि नियमालाही धरून.

कबाडी गाडीचे वजन करतो आणि लोखंडाचा भाव देतो. त्याला हाक मारण्याआधी घरातल्या तरुण पोराला एकदा बॉनेट उघडायला लावावे आणि जुना मिस्त्री आहे तोवर त्याच्या शेजारी उभे करावे.