मरुत्सखा आणि त्रोटक वार्ता

हल्ली वेळापूरसारख्या गावातही नव्या शोधाची एखादी वार्ता रोज मोबाइलवर येऊन पोहोचते. कधी पाण्यावर चालणारी मोटार, तर कधी विजेवाचून चालणारा पंप. मथळा भरघोस, मजकूर मात्र चार ओळींचा. यंत्र कोणी तपासले, ते किती वेळ चालले, खर्च किती आला, याचा पत्ता नसतो. उसाला पाणी कसे द्यावे या विवंचनेत असलेल्या शेतकऱ्याने अशा वार्तेवर विसंबावे तरी कसे? वाचकांची ही तक्रार रास्त आहे. परंतु ती आजची नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात तिचे एक ठळक उदाहरण आहे.

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडविले, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. ते दीड हजार फूट उंच गेले, पारा व सूर्यकिरण यांवर चालले, सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ती रानडे तेथे उपस्थित होते, 'केसरी'ने त्याची वार्ता दिली, असे सांगितले जाते. मात्र यास दुजोरा देणारी त्या काळातील विश्वसनीय नोंद आजवर पुढे आलेली नाही. विमानाचे वजन नाही, मोजमाप नाही, छायाचित्र नाही. मग कथा वाढत गेली. २०१५ च्या जानेवारीत मुंबईस भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्यावरून स्फुरलेला 'हवाईजादा' हा चित्रपटही आला. वास्तविक 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच छाननी केली होती. ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता दुसरी बाजू पाहू. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे व १२० फुटांचे; शेवटचे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. पाच साक्षीदार होते, छायाचित्रही घेतले गेले. तरीही दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्राने विमान तीन मैल उडाल्याचे छापले! याउलट एमोस रूट हे मधमाशीपालनावरील एका नियतकालिकाचे संपादक. २० सप्टेंबर १९०४ रोजी त्यांनी विमानास हवेत पूर्ण वर्तुळाकार फेरी घेताना प्रत्यक्ष पाहिले आणि जानेवारी १९०५ मध्ये, चालक पालथा पडून यंत्र कसे हाकतो येथपर्यंतचा तपशील आपल्या वाचकांस दिला. 'सायंटिफिक अमेरिकन' या नामांकित पत्राने १९०६ च्या प्रारंभी राइट बंधूंच्या दाव्यावर शंका घेतली. पण ते शंकेपाशी थांबले नाही. साक्षीदारांना पत्रे लिहून त्याने चौकशी केली आणि त्याच वर्षी आपले मत बदलले.

या दोन कथांतील भेद देशाचा वा बुद्धीचा नाही, नोंदीचा आहे. तळपदे यांनी खरोखर काही प्रयोग केला असेल, तर तपशिलाच्या अभावी त्यांचे श्रेय कायमचे संशयात अडकले. केला नसेल, तर आपण एका कष्टाळू माणसावर नसते ओझे लादले. दोन्ही परींनी अन्याय त्यांच्यावरच झाला. त्रोटक वार्ता वाचकाची निराशा करते, तशीच ती संशोधकालाही न्याय नाकारते.

म्हणून नव्या शोधाची वार्ता वाचताना आपण चार प्रश्न विचारावेत: केव्हा, कोठे, किती आणि कोणी पाहिले? घरातल्या मुलांनाही हे प्रश्न विचारावयास शिकवावे. असे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे किंवा देशाभिमानाची उणीवही नव्हे. ज्याने खरोखर कष्ट केले, त्याच्या कष्टांचा तो मान आहे.