जोडे शिवणारा फेरागामो

परदेशी जाऊन नाव काढणारे पुष्कळ. तिथलं शिकलेलं मायदेशी नेऊन धंदा उभारणारे थोडे. साल्व्हातोरे फेरागामो त्यांतला एक. जन्म १८९८ चा, नेपल्सजवळच्या बोनितो गावातला. घरात चौदा भावंडं. जोडे शिवणं हलकं काम, म्हणून आईवडिलांचा विरोध होता. पण नवव्या वर्षी त्याने बहिणीसाठी रातोरात बूट शिवले आणि विरोध मावळला.

पुढे भावांपाठोपाठ अमेरिका गाठली. हॉलिवूडच्या नट्या गिऱ्हाईक झाल्या, पण सुंदर बूट पायाला चावतात का, हा प्रश्न त्याला सोडेना. त्यासाठी तो विद्यापीठात शरीररचना शिकला. भार पावलाच्या कमानीवर येतो हे कळल्यावर तिथे पोलादी पट्टीचा आधार दिला.

१९२७ मध्ये तो फ्लोरेन्सला परतला. १९३३ मध्ये दिवाळं निघालं, तरी पुन्हा उभा राहिला. इथिओपियावरच्या स्वारीमुळे इटलीवर निर्बंध आले, चांगलं पोलाद मिळेना. मग टाचेखालची पोकळी बुचाच्या लाकडाने भरली, आणि ‘वेज’ टाच जन्मली! बडोद्याच्या सयाजीरावांची लेक, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, यांनी तर जोड्यांवर जडवायला स्वतःची रत्नं पाठवली.

१९६० मध्ये तो गेला. सहा मुलं पदरी, नोकरी-धंद्याचा अनुभव शून्य. तरी पत्नी वांडाने दुकान विकलं नाही. जोड्यांच्या जोडीला पिशव्या, कपडे आले, मुलं एकेक करून धंद्यात उतरली. ती २०१८ मध्ये गेली. पाया साल्व्हातोरेचा, पण घराणं उभं केलं ते तिने!