चाकाची पकड आणि सडकेचें मोल

मूल तालुका म्हणजे धानाचा मुलूख. मृगाच्या सरी कोसळून माजी मालगुजारी तलाव भरूं लागले, कीं बांध्यांतून चिखलणीची एकच घाई उडते. आणि त्याच सुमारास एक जुना प्रश्न नव्या रूपानें पुढें येतो. चाकाला लोखंडाचे दांत असावे कीं नसावे?

प्रश्न जुना म्हणण्याचें कारण असें. बैलगाडीचें चाक मुळांत लांकडाचें. तें झिजूं नये म्हणून लोहार तापवून लाल केलेली धाव त्यावर चढवी व पाण्यानें निववी. धाव आकसून चाक आवळलें जाई. कच्च्या वाटेवर या लोखंडानें कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. पक्की सडक आली आणि तंटा सुरू झाला; कारण अरुंद धावेमुळें गाडीचा सारा भार एका चिंचोळ्या पट्टीवर पडतो व खडी भरडली जाते. 1927 सालीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्ते-विकास समिती नेमली गेली. पुढें 1943 च्या डिसेंबरांत नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि शेतीच्या विकसित भागांतील कोणतेंही खेडें मुख्य सडकेपासून 5 मैलांहून दूर असूं नये, असा आराखडा ठरला. सडक खेड्याकडे निघाली, ती लोखंडी धावेच्या भेटीसच!

रबरी टायरांनीं हा तंटा पुष्कळसा मिटविला होता. ट्रॅक्टरनें तो पुनः उकरून काढला. रबरी चाक चिखलांत जागच्या जागीं फिरतें, म्हणून मागच्या बाजूस लोखंडी केजव्हील जोडतात. त्याच्या आडव्या पट्ट्या चिखल धरतात आणि त्याची रुंदी भार वांटून घेते. परंतु तोच ट्रॅक्टर दुसऱ्या बांधीकडे डांबरी सडकेनें निघाला, कीं प्रत्येक पट्टीचा घाव डांबरावर उमटतो, भेगांत पाणी मुरतें आणि पावसाळा सरतांना तेथें खड्डा दिसतो.

शेतकऱ्याची बाजूही खोटी नव्हे. पऱ्हे लावणीस आलेले, रोवणीचे दिवस मोजके, आणि केजव्हील काढण्या-घालण्यांत वेळ व मजुरी दोन्ही जातात. आम्हांस येथें जपानचें उदाहरण आठवतें. तेथें बर्फावर घसरूं नये म्हणून मोटारींच्या टायरांत पोलादी खिळे बसवीत. बर्फ नसलेल्या सडकेवर त्या खिळ्यांनीं डांबर कुरतडलें, सेंदाईसारख्या नगरांत धुळीचा उपद्रव झाला, आणि अखेर 1990 सालीं कायद्यानें त्यांस आवर घालावा लागला. बर्फाचा देश व चिखलाचा देश, धडा एकच. पकडीचा लाभ एकट्याचा आणि तिचें मोल सर्वांचें.

म्हणून दांत असावे कीं नसावे, हा खरा प्रश्नच नव्हे. ते बांधीच्या धुऱ्यावर उतरवावे कीं नाहीं, हा आहे. केजव्हील ट्रॉलींत घालून नेणें हें थोड्या वेळाचें काम. तो वेळ व ती मजुरी एकट्या ट्रॅक्टरवाल्याच्या माथीं न मारतां, ज्यांच्या बांध्या तो चिखलवितो त्या सर्वांनीं वांटून घ्यावी. कारण कापणीनंतर धान गिरणीस जावयाचें आहे, आणि अडल्या बाईला दवाखान्यांत न्यावयाचें आहे, तें याच सडकेवरून.