धान्यातली कीड : राखेपासून नॅनोकणांपर्यंत

माणूस धान्य साठवायला शिकला आणि कीडही त्याच्या घरी मुक्कामाला आली. पेव असो, कणगी असो की पत्र्याचा डबा, सोंडे आणि पोरकिडे तिथे पोहोचतातच. त्यांना रोखायला आपण काय वापरले, याचा इतिहास आपल्या आरोग्याशी थेट जोडलेला आहे.

आपल्या आजीचे उपाय साधे होते : कडक ऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला, गोवरीची राख, डाळीला एरंडेलाचा हात. राखेने कीड का मरते? किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. राखेचे बारीक कण तो खरवडतात. मग अंगातले पाणी उडून जाते आणि किडा वाळून मरतो.

१९३९ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. मलेरिया आणि टायफसविरुद्ध त्याचा मोठा उपयोग झाला, म्हणून १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे! पण डीडीटी शरीरातील चरबीत साठत जाते, हे पुढे कळले. भारतात १९८९ मध्ये शेतीसाठी त्यावर बंदी आली.

धान्याच्या गोदामांत आज अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. गोदामात, प्रशिक्षित माणसाच्या हाती त्या उपयोगी आहेत. घरात मात्र जीवघेण्या. या विषावर उतारा नाही.

दरम्यान कडुनिंबाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सारे फस्त केले, पण कडुनिंबाची झाडे हिरवी राहिली. हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिक श्मुटरर यांनी टिपले. १९६८ मध्ये त्यातील अझाडिरॅक्टिन हा घटक वेगळा करण्यात आला. तो किड्याची भूक मारतो आणि त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. अडचण एकच : उन्हात तो लवकर नष्ट होतो.

इथे नॅनोतंत्रज्ञान मदतीला येते. वनस्पतिजन्य अर्क अतिसूक्ष्म आवरणात बंद केला, तर तो हळूहळू सुटतो आणि जास्त दिवस टिकतो. २०११ मध्ये कोलकात्याच्या संशोधकांनी सिलिकाच्या नॅनोकणांनी तांदळातले सोंडे मरतात, हे दाखवले. म्हणजे राखेचेच तत्त्व, कण मात्र कितीतरी लहान! पण इतके बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. म्हणून ‘नैसर्गिक’ किंवा ‘नॅनो’ म्हणजे निर्धोक, असे समजू नका. तपासणी हवीच.

तोपर्यंत घरी धान्य नीट वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पाला घाला. फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नका. वायू बाधल्याची शंका आली, मळमळ, उलट्या, धाप किंवा छातीत दडपण जाणवले, तर सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि तडक रुग्णालय गाठा. घरगुती उपायांत वेळ दवडू नका.