अक्षर, कोष्टक आणि प्रपत्र : ई-मेलमधील स्वरूपभेदाचा इतिहास व चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रश्न

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात अमेरिकेत जॉन पोस्टेल व डेव्हिड क्रॉकर यांनी सिद्ध केलेल्या ई-मेलच्या दोन नियमपत्रिका, क्रमांक ८२१ व ८२२, प्रसिद्ध झाल्या. पहिलीने पत्राच्या वाहतुकीची व दुसरीने पत्राच्या रचनेची पद्धत घालून दिली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तथापि पुढे या वनप्रदेशाचे संगणकीय टपालही त्याच नियमांच्या पायावर चालू लागले, आणि त्या नियमांत गृहीत धरलेली लिपी केवळ रोमन होती. प्रत्येक चिन्हास सात बिट, म्हणजे एकूण १२८ चिन्हे. एवढ्यात सारा पत्रव्यवहार बसवावयाचा होता. मराठी, गोंडी, माडिया, सिरोंच्याकडील तेलुगू आणि चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासित वसाहतींची बंगाली या भाषा जेथे नांदतात, त्या प्रदेशास या चौकटीत जागा नव्हती. पत्र पोहोचणे आणि ते पाठविले तसे दिसणे या भिन्न गोष्टी होत, हे ई-मेलच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतपद्धती मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात भारतीय अक्षरे आठ बिटांच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवलेली होती. सात बिटांच्या मार्गाने असा मजकूर गेला व आठवा बिट गळून पडला, की देवनागरीच्या जागी रोमन चिन्हांची निरर्थक रांग उमटे. व्यवहारात याहून अधिक प्रसार झाला तो शुषासारख्या फॉन्टांचा. त्यांत अक्षराला स्वतंत्र संकेत नव्हता. रोमन अक्षराच्याच संकेतावर देवनागरीचा आकार चढविलेला होता. पत्र एचटीएमएलमध्ये लिहिले असता त्यात फॉन्टाचे नाव नमूद करता येई, परंतु तो फॉन्ट पत्र घेणाऱ्याच्या संगणकावर असावा लागे. तो नसला, अथवा उत्तर साध्या मजकुरात पाठविल्यामुळे फॉन्टाचे नाव गळाले, म्हणजे मराठीचा बुरखा निघून खालची रोमन अक्षरे उघडी पडत.

या कोंडीतून दोन वाटा जवळपास एकाच काळी निघाल्या. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि १९९२ साली केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही रचना तयार केली. त्याच वर्षाच्या जूनमध्ये नथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धती मांडली. माइममुळे पत्रातील मजकूर कोणत्या संकेतात आहे हे पत्रातच सांगता येऊ लागले, आणि एकाच पत्रात साधा मजकूर व सजविलेला मजकूर असे दोन पर्याय शेजारी ठेवण्याची सोय झाली. विंडोज २००० मध्ये मंगल हा फॉन्ट आल्यावर युनिकोडमधील मराठी सामान्य संगणकावर वाचता येऊ लागली.

तरीही अडचणी संपल्या नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. १९९६ च्या नियमानुसार पत्राच्या विषयाचा संकेतबद्ध तुकडा ७५ चिन्हांहून मोठा असू नये. बेस-६४ पद्धतीने अशा एका तुकड्यात देवनागरीची जास्तीत जास्त पंधरा चिन्हे मावतात. चिन्हाच्या मध्यभागी तुकडा पाडू नये असा नियम आहे. पण एखाद्या प्रोग्रामने तो पाळला नाही, तर विषयाच्या ओळीत अक्षर फुटते. मराठीपुरता एक बारकावा असा, की आचार्य या शब्दाचे आचार्यास आणि आचारी या शब्दाचे आचाऱ्यास ही रूपे केवळ रकाराच्या आकाराने वेगळी होतात. हा दुसरा रकार काही वेळा अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहिला जातो. वाटेत ते चिन्ह गळाले, की आचाऱ्याचा आचार्य होतो. ॲ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसे.

अक्षराचा प्रश्न असा सुटत असतानाच रचनेचा प्रश्न उभा राहिला. एचटीएमएल दाखविण्याबाबत वेब-ब्राउझर हळूहळू एकमेकांजवळ आले, पण ई-मेल प्रोग्राम दूर गेले. आउटलुकच्या २००७ च्या आवृत्तीने पत्र दाखविण्याचे काम ब्राउझरच्या यंत्रणेकडून काढून वर्डच्या यंत्रणेकडे दिले. १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेल्या जीमेलने पत्राच्या शीर्षभागातील शैलीसूचना काढून टाकण्याचा प्रघात ठेवला व तो २०१६ पर्यंत चालविला. त्यास सुरक्षिततेचे कारण होते : परक्याच्या पत्रातील सूचनेने वाचकाच्या स्वतःच्या पृष्ठाची रचना बदलू नये. परिणाम असा झाला, की वेबपृष्ठांतून हद्दपार झालेली जुनी कोष्टकरचना ई-मेलमध्ये टिकून राहिली, आणि प्रत्येक घटकाची शैली त्या त्या घटकातच लिहिण्याची रीत पडली. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटांपुढील मजकूर झाकून ठेवते. तीन बाइटी मराठी ही मर्यादा इंग्रजीपेक्षा लवकर गाठते.

सर्वांत बिकट वाट प्रपत्रांची होती. एचटीएमएलमधील भरावयाचे रकाने नोव्हेंबर १९९५ मध्ये मानकात आले. परंतु वर्डची यंत्रणा ते रकाने जाणत नसल्यामुळे आउटलुक २००७ मध्ये त्यांचा उपयोग उरला नाही. येथे प्रश्न केवळ देखणेपणाचा राहत नाही, हे या दोन जिल्ह्यांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम १ जानेवारी २००८ पासून अमलात आले. वैयक्तिक दाव्यासाठी एक नमुना, सामूहिक हक्कासाठी दुसरा, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर सामूहिक वनसंपत्तीसाठी तिसरा, अशी त्यांची प्रपत्रे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) व त्याच जिल्ह्यातील मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, हे सुप्रसिद्धच आहे. वैयक्तिक दाव्याच्या नमुन्यात दावेदार अनुसूचित जमातीचा आहे की इतर पारंपरिक वननिवासी, हे स्वतंत्र रकान्यांत नमूद करावे लागते. दुसऱ्या वर्गातील दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. असे प्रपत्र खुणेच्या चौकटींसह ई-मेलच्या पोटात घालून पाठविले आणि घेणाऱ्याच्या प्रोग्रामने चौकटी गाळल्या, तर दोन्ही वर्गांची नावे तेवढी दिसतील, खूण दिसणार नाही. कोष्टकाचे स्तंभ कोसळले, तर एकाचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या नावापुढे येईल. ज्याचा दावा आहे तो माणूस ते पत्र पाहण्यास तेथे नसतो. कचेरीत जे दिसते त्यावरून निर्णय होतो.

गोंडीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी खोल आहे. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली रचलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादकडील गुंजाळा गावाच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी गोंडी लिपी २०१८ मध्ये आली. या दोन्हींचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये चार बाइटांचे आहे. मायएसक्यूएल या प्रसिद्ध माहितीसंग्रह-प्रणालीत यूटीएफ-८ या नावाखाली दीर्घकाळ तीनच बाइटांची सोय होती. चार बाइटांचा प्रकार २०१० साली आला. म्हणून देवनागरी नाव बिनतक्रार स्वीकारणारा जुना संग्रह गोंडी लिपीतील नाव स्वीकारीलच असे नाही. फॉन्ट नसला तर अक्षर दिसत नाही, पण संकेत शाबूत राहतो. संग्रहातच जागा नसली तर नावच नष्ट होते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. पत्राचे रूप अखेरीस पाहणाऱ्याच्या यंत्रणेच्या हाती असते. पाठविणाऱ्याच्या हाती केवळ आशय व त्याचा संकेत असतो. म्हणून जो अर्थ हरवून चालणार नाही, तो रंगावर, रुंदीवर किंवा चौकटीतील खुणेवर सोपवू नये. वर्ग, नाव, गाव व क्षेत्र ही प्रत्येक बाब शब्दांत लिहावी. संकेताची घोषणा पत्रात असावी. साध्या मजकुराचा पर्याय सोबत ठेवावा. आणि भरावयाचे प्रपत्र पत्रात न घालता त्याचा दुवा किंवा छापण्याजोगी प्रत द्यावी. माइमने १९९२ साली दिलेली साध्या मजकुराची सोय अनेकांना अनावश्यक वाटत आली आहे. परंतु जेथे एका रकान्यावर एखाद्या कुटुंबाची जमीन अवलंबून असते, तेथे प्रत्येक प्रोग्राममध्ये वाचता येणारा तोच एक भरवशाचा भाग ठरतो.