कोसंबी, दामोदर धर्मानंद : विज्ञान, तंत्रविद्या व समाज

(३१ जुलै १९०७–२९ जून १९६६). भारतीय गणितज्ञ व इतिहासकार. बौद्ध वाङ्‌मयाचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव. जन्म गोव्यात. हार्व्हर्ड विद्यापीठाची पदवी १९२९ मध्ये घेतल्यावर त्यांनी बनारस व अलीगढ येथे आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. १९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. इतिहासाकडे ते वळले ते गणिताच्याच वाटेने. वापराने नाणे झिजते व त्याचे वजन घटते, या साध्या गोष्टीवरून त्यांनी आहत नाण्यांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला.

अवजार आणि समाजरचना यांचा संबंध हा त्यांच्या लेखनाचा गाभा होय. उत्पादनाची साधने व उत्पादनसंबंध यांतील स्थित्यंतरांचा कालक्रम म्हणजे इतिहास, अशी भूमिका त्यांनी १९५६ च्या ग्रंथात मांडली. गंगेच्या खोऱ्यातील अरण्य लोखंडामुळे लागवडीखाली आले आणि खनिजांच्या सान्निध्याने मगध प्रबळ झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जंगल जाळूनही काढता येते, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. तो गैरलागू नाही. पुण्याच्या परिसरात मात्र सूक्ष्मास्त्रे, धनगरांच्या वाटा व ग्रामदेवतांची ठाणी स्वतः पायी हिंडून पाहून त्यांनी काढलेले निष्कर्ष अधिक भरीव वाटतात.

ही दृष्टी ताम्रपटांनाही लावता येते. वाशीम (प्राचीन वत्सगुल्म) येथील वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातील ताम्रपट १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. वंशावळीसाठी तो मोलाचा आहेच. पण त्याच्या प्राकृत भागातील सवलतींची यादी अधिक बोलकी आहे. मीठ, धान्य, दूध, फुले, कातडी, कोळसा, बैल यांवरील राजाचे हक्क दान दिलेल्या गावापुरते सोडलेले दिसतात. सैनिकांनी गावात शिरू नये, असेही तीत म्हटले आहे. गावात काय पिकत व बनत होते आणि त्यातून राजसत्ता काय उचलत होती, हे अशा रूक्ष यादीतूनच कळते.

समकालीन विज्ञानालाही त्यांनी हीच कसोटी लावली. भांडवलाची चणचण व उन्हाची विपुलता असलेल्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौर ऊर्जेकडे लक्ष द्यावे, असे ते म्हणत. अणुसंशोधनाला अग्रक्रम देणाऱ्या संस्थेत राहून असे बोलणे सोपे नव्हते. १९६२ मध्ये त्यांचा तेथील करार पुढे वाढविला गेला नाही. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले.