सरकारी थैली ते पार्सलची बॅग

आमच्या अभ्यासवर्गात येणारी दोन पोरं पार्सल पोचवण्याचं काम करतात. एक साताऱ्यात, दुसरा सांगलीत. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. कुणाची कंपनी बरी, यावर त्यांची कायम हुज्जत. साताऱ्याच्याला पार्सलमागे दर मिळतो, सांगलीच्याला ठेकेदाराकडून महिन्याचा पगार. एकदा कागदावर हिशेब मांडला. पहिल्याचं पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, गिऱ्हाईक घरी नसलं की मारावी लागणारी दुसरी फेरी, सगळं त्याच्याच खिशातून. दुसऱ्याचा पगार ठरलेला, पण बॅगेतली पार्सलं ठरलेली नाहीत. बॅग रिकामी झाल्याशिवाय घर नाही. म्हणजे एकाच्या मजुरीचा भरवसा नाही आणि दुसऱ्याच्या कामाला अंत नाही.

हा पेच आपल्या आज्यापणज्यांनी भोगलेला आहे. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. तिथल्या गावागावांत निरोप नेणं, सरकारी टपाल पोचवणं, साऱ्याची थैली तालुक्याला नेणं ही कामं महाराची. बदल्यात काय? हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि रयतेच्या खळ्यावरचं बलुतं. काम सरकारचं, पण धान्य देणार रयत. पीक बुडालं किंवा गावाची मर्जी फिरली, की बलुतं बंद. दाद मागायची कुणाकडे?

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच दुखण्यावर बोट ठेवून. वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील, तो नसला तर त्याच्या घरातल्या माणसाला धरून न्यायचं, हे त्यांनी सभागृहात मांडलं. कामं कायद्यानं ठरवा आणि बलुत्याच्या जागी रोख मोबदला द्या, ही मागणी होती. विधेयक शेवटी मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली.

पुढे मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांच्याच कारकिर्दीत, १९४६ च्या दुरुस्तीनं, कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. सूत्र तेच: कामाला मर्यादा हवी आणि मजुरीला जबाबदार मालक हवा.

खुद्द टपाल खात्यातही हा भेद आहे. सातव्या वेतन आयोगात पोस्टमनचं सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये. खेड्यात टपाल वाटणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला २०१८ पासून चार तासांचे किमान १०,००० आणि पाच तासांचे १२,०००, वर महागाई भत्ता. तफावत मोठी आहे, पण तास लिहिलेले आहेत, मालक ठाऊक आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा खात्याबाहेरच्या टपाल सेवकांना घटनेच्या कलम ३११ चं संरक्षण दिलं, ते मालक कोण हे सिद्ध झालं म्हणूनच. पार्सलवाल्या पोराला मात्र ‘पार्टनर’ म्हणतात. पार्टनरला ना सुट्टी, ना ग्रॅच्युइटी.

कुणी म्हणेल, महारकी जन्मानं लादलेली होती, हे काम तर कधीही सोडता येतं. खरं आहे. हा फरक मोठा आहे आणि तो पुसता कामा नये. पण गाडीचा हप्ता डोक्यावर असताना सोडून जायचं कुठे?

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरण्याची तरतूद आहे. पाऊल चांगलं. पण त्यात पार्सलचा किमान दर नाही आणि तासांची मर्यादाही नाही.

म्हणून त्या दोघांना मी सांगितलं, कुणाची कंपनी बरी हे भांडण सोडा. दोघांनी मिळून विचारा: दिवसाला पार्सलं किती, तास किती, पेट्रोल कुणाचं आणि अपघात झाला तर जबाबदार कोण? १९२८ चे प्रश्न हेच होते. ते विचारणारा एकटा नव्हता, त्याच्या मागे समाज उभा होता. या पोरांच्या मागे आपण उभे राहणार आहोत का?